निळे डबे, लाल डबे

३ मार्च, सोमवार

डबे बदलले! न विचारता, न सांगता. सकाळी कोठीचं दार उघडलं तर टोमॅटोच्या लाल डब्यांच्या जागी निळे डबे. डब्यावरचं चित्र मात्र आधीच्यापेक्षा मोठं.

शेठना विचारलं. कारखान्याच्या कॅन्टीनचा ठेका त्यांचा, खरेदी त्यांची, मग विचारायचं त्यांनाच. तर म्हणाले, "बाई, टोमॅटो म्हणजे टोमॅटो! हे निम्म्या भावात मिळतात. कंपनीच्या नावाचे पैसे कशाला मोजायचे?" इतकी वर्षं पळी माझ्या हातात, आणि टोमॅटो म्हणजे काय ते मला शेठ शिकवणार.

पहिला डबा उघडला. वर पाणी. पाण्याखाली टोमॅटो — फिकट, देठाकडे पिवळे, कडक. साल जागोजाग चिकटलेली. लाल डब्यातले पळीनं दाबले की विरघळायचे, रसही आधीच दाट. कांदा परतला, डबे ओतले, थोडं उकळलं की सॉस तयार. तीनला मी मोकळी. आज साडेतीन झाले तरी पातेल्यात नुसतं खदखदतंय. हलवून हलवून खांदा भरून आला.

हॉस्पिटलात आईच्या वॉर्डात भेटायची वेळ चार ते पाच. पोचले तेव्हा पाचला थोडीच मिनिटं होती. आईच्या तोंडात चार चमचे गेले आणि घंटा झाली.

४ मार्च, मंगळवार

चाखूकाकांनी ताट परत केलं!

हा आमच्या कारखान्यातला जुना रिवाज. मागे कधीतरी कॅन्टीनचं खाऊन अख्खी पाळी आजारी पडली होती. तेव्हापासून कामगारांनी ठरवलं — पहिलं ताट आपल्यातला एक जण खाणार. त्यानं खिडकीच्या कठड्यावर चमच्यानं दोनदा टकटक केलं की मगच खिडकी उघडायची. हा मान काकांचा. खरं काम लेथवर, पण ते कुणाच्या लक्षात आहे! सोन्याची जीभ म्हणतात त्यांच्या जिभेला. त्यांची टकटक झाल्याशिवाय मलाही एप्रन काढता येत नाही.

आज ताट दिलं. काकांनी ते जरा तिरकं केलं, चमचा तोंडात घातला, मान हलवली. "कच्चा आहे, बाई. आटवा अजून."

आटवला. पुन्हा ताट. पुन्हा मान. टकटक झाली तेव्हा चार वाजून गेले होते. स्टॉपपर्यंत धावले — या वयात, या गुडघ्यांनी! बस समोरून गेली. दुसरी मिळेपर्यंत वॉर्डाचं दार बंद. काचेतून पाहिलं. वॉर्डातली मावशी आईला भरवत होती. म्हणजे प्रयत्न करत होती. आईच्या तोंडाला कुलूप. मावशी चमचा ओठांना लावते, आई भिंतीकडे तोंड फिरवते. शेवटी मावशी बशी उचलून पुढच्या खाटेकडे गेली. तिला तरी किती खाटा.

आईसाठी नेलेला डबा परत आणला. मीच खाल्ला, ओट्याशी उभ्यानं. बसले असते तर उठवलं नसतं.

५ मार्च, बुधवार

पुन्हा उशीर. पुन्हा काच. हात लिहायला उचलत नाही.

६ मार्च, गुरुवार

आमची सुट्टी. चारच्या ठोक्याला वॉर्डात. आईनं माझ्या हातून वाटीभर खाल्लं. सावकाश, पण खाल्लं.

ती मुलगीही आज भेटली — अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसांना गिळायला आणि बोलायला शिकवते ती. मी मनात तिला चमचेवाली म्हणते. तिनं माझ्या डब्यातला सॉस चमच्यावर घेतला आणि चमचा तिरका केला. "ताई, बघा. घास असा सावकाश सरकला पाहिजे. धावला तर श्वासनळीत जाईल. चिकटून बसला तर घशात अडकेल. तुमचा अगदी बरोबर आहे." मला उगाच शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजी फक्त तुमच्या हातचं खातात. वजन उतरतंय. पुढच्या गुरुवारी डॉक्टर बघणार आहेत. सावरलं नाही तर नाकातून नळी घालतील."

"मग नंतर काढतील ना?"

"काढतात. पण गिळायची सवय एकदा सुटली की… आणि यांचं वय…"

जानेवारीत झटका आला तेव्हापासून आईच्या तोंडून एक शब्द नाही. मी कोण तेही कळतं की नाही, देव जाणे. जेवणाच्या बाबतीत ही बाई म्हणजे साक्षात परीक्षा होती! दारातून आत येतानाच विचारायची, "कांदा कुठल्या बाजूनं करपवलास?" माझ्या हातच्या कशालाच जन्मात 'छान' म्हणाली नाही. फार खूश झाली तर, "खाण्यासारखं आहे." आता काहीही भरवा, चेहरा तोच. जिच्या टोमण्यांनी जीव नकोसा व्हायचा, तिच्या एका टोमण्यासाठी आता कान आसुसलेत.

संध्याकाळी दुकानातून एक लाल डबा आणि एक निळा डबा आणला. दोन शेगड्या, दोन पातेली, तोच कांदा, तेवढंच तेल. पाहू तरी म्हटलं, मी उगाच तर त्रागा करत नाही! लाल लगेच झाला. निळा आटतोय, आटतोय, खालून लागतोय, पुन्हा हलवा. आंबटपणा मारायला चिमूटभर साखर. सालीचे तुकडे वेचून काढले. शेवटी दोन्ही बशीत घेऊन चाखले. खरं लिहायचं तर — फारसा फरक नाही! लालची चव जरा गोल, एवढंच. शेठ अगदीच खोटं बोलत नव्हते.

फरक आहे तो वेळेचा. निळ्या डब्यात टोमॅटो कमी आणि माझा एक तास जास्त. ज्याला घाई नाही त्यानं खुशाल निळे घ्यावेत.

७ मार्च, शुक्रवार

शेठना सांगितलं, आटवण्यात तास जातो, मला आईकडे जायचं असतं. "अहो मग पीठ लावा की! दोन चमचे पीठ, दोन मिनिटं काम. डोकं चालवा, बाई."

आईसमोर हे बोलले असते तर! पीठ लावून दाट केलेल्या कुठल्याही पदार्थाला तिच्याकडे एकच नाव होतं — खळ. पतंगाचा कागद चिकटवायला पीठ शिजवून करतात ती. लग्नाच्या जेवणावळीतसुद्धा भर पंगतीत म्हणायची, "खळ वाढलीय." आम्ही भावंडं शरमेनं माना खाली घालायचो.

"माझ्या सॉसला पीठ लागणार नाही," असं म्हणून आले. फुकटचा ताठा. आजही पाचपर्यंत पोचले नाही.

घरी आले तर दादाचा फोन. दूर राहून सल्ले द्यायला काय जातं! "नळी घालू दे ना. तुझीच सोय होईल. रोजची धावपळ तरी थांबेल." मी म्हटलं, "दादा, तू एकदा येऊन तिचं तोंड बघ, मग सोयीचं बोल." फोन ठेवल्यावर वाटलं, बोलला त्यात खोटं काय? पाय तर खरंच तुटतात.

८ मार्च, शनिवार

आज जे पाहिलं ते लिहू की नको असं झालंय.

काकांना ताट दिलं. त्यांनी ते तिरकं केलं. आणि मला गुरुवारचा चमचा आठवला — सरकला पाहिजे, धावला नाही पाहिजे. काका सॉस कसा ओघळतो ते बघत होते! चमचा तोंडात जायच्या आधीच त्यांची मान हलायला लागली होती. "कच्चा आहे, बाई."

मग मी एक आगाऊपणा केला. मीठ मी नेहमी अगदी शेवटी घालते; आज अजून पातेल्यात पडलं नव्हतं. सॉस चांगला घट्ट आटवला आणि मीठ न घालताच दुसरं ताट पुढे केलं. मिठाचा कणही नाही त्यात! काकांनी ताट तिरकं केलं. सॉस जागचा हलला नाही. चमचा तोंडात. डोळे मिटले. "वा! मीठ अगदी बेतात." टकटक.

मी मिठाचा डबा हातात धरून उभी. मग पटकन पातेल्यात मीठ घातलं, ढवळलं, खिडकी उघडली.

सोन्याची जीभ!

९ मार्च, रविवार

दोन चमचे पीठ. दोन मिनिटं. दिवसभर डोक्यात हेच. आज केलं मात्र नाही. आणि आज आईनं खाल्लंही नाही.

१० मार्च, सोमवार

केलं.

पीठ पाण्यात कालवलं, गुठळ्या मोडल्या, पातेल्यात सोडलं. एका उकळीत सॉस पळीला धरायला लागला. काकांनी ताट तिरकं केलं, चमचा घेतला, टकटक. तीन वाजले होते! एप्रन काढताना कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

आईचं मात्र वेगळं. लाल डबा फोडून तिच्यापुरता सॉस पहाटे घरीच केला होता. तिला खळ भरवायची माझी छाती नाही. चारला पोचले, पाचपर्यंत भरवत बसले. सगळी वाटी संपली. तोंड पुसलं, केस विंचरले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण भिंतीकडेही फिरली नाही. येताना बसमध्ये बसायला जागासुद्धा मिळाली.

खूप दिवसांनी बरं वाटलं. तेवढीच लाजही वाटतेय.

११ मार्च, मंगळवार

पातेलं विसळत होते तर मागच्या दाराशी काका. टोपी हातात.

"बाई, शनिवारी मीठ नव्हतं ना?"

मी पातेल्यात आणखी पाणी ओतलं.

"मी टकटक केल्यावर तुम्ही मीठ टाकलंत. खिडकीच्या फटीतून दिसलं मला."

"कधीपासून हे, काका?"

"थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. गोड नाही, तिखट नाही. ओलं कापड चघळल्यासारखं वाटतं. घरी पण सांगितलं नाही. बायको विचारते कसं झालंय, मी म्हणतो फक्कड."

"इथे तरी सांगून टाकायचं."

"काय सांगू? लेथवर आयुष्य गेलं, माझं खरं नाव इथे चार लोकांना माहीत नसेल. त्या ताटामुळे अख्खा कारखाना काका म्हणतो. रिटायर होईपर्यंत राहू दे म्हटलं." मग म्हणाले, "दाट असलं की शिजलेलं असतं, एवढंच धरून चाललो होतो. तुमच्या हातचं तरी तसंच असायचं."

असायचं! तो एकच शब्द रुतून बसला.

"काल पीठ होतं का?"

"हो."

"आई आजारी आहे म्हणे तुमची."

"हो."

"बरं," म्हणाले, टोपी घातली आणि गेले. रागवायचं कुणी कुणावर? त्यांनी माझं झाकायचं, मी त्यांचं.

१२ मार्च, बुधवार

पीठ चालूच. काकांनी पातळ सॉस पास केला तर खिडकीबाहेर सगळ्यांनाच दिसेल. आज एक वेल्डर ताट परत ठेवताना म्हणाला, "बाई, हल्ली सॉस पोटात विटेसारखा बसतो. काका पास कसा करतात कोण जाणे!" काकांनी ऐकलं. चमचा पुसत राहिले.

शेठ मात्र खूश. "बघा, निभतंय की नाही? उगाच महागाचे डबे आणत होतो इतके दिवस."

लाल डबे आता माझ्या घरी येतात, आईपुरते. पहाटे उठून तिचं करायचं, मग दिवसभर कारखान्याचं, मग वॉर्ड. आरशात पाहिलं तर डोळ्यांखाली काजळ पसरल्यासारखं. काजळ घालून मात्र वर्षं झाली.

१३ मार्च, गुरुवार

वजन भरलं नाही. उलट आणखी उतरलंय.

मी म्हटलं, "सोमवारपासून रोज वाटीभर खातेय." डॉक्टर वाईट नाहीत, पण घाईत असतात. "एका वाटीवर माणूस जगत नाही. बाकीचा दिवस त्या तोंडच उघडत नाहीत. येत्या सोमवारी नळी घालू."

चमचेवाली जिन्यापर्यंत सोबत आली. "ताई, मी थांबा म्हणून सांगितलं असतं. पण सांगायला हातात काहीतरी लागतं. आजींनी हो म्हटलं, नाही म्हटलं, नको म्हणून हात झटकला — काहीही. तुम्ही भरवता, त्या गिळतात. पण त्यांना काय आवडतं, काय नाही, ते काहीच दिसत नाही."

दादाला कळवलं. "चला, एक निर्णय झाला," म्हणाला. मीही हो म्हणाले. भांडायला अंगात त्राण हवं.

१४ मार्च, शुक्रवार

तेच. पीठ, टकटक, बस, वाटी. आई गिळते. मी पुसते.

१५ मार्च, शनिवार

चमचा तिच्या ओठांशी नेताना आज वाटलं, ही आई नाहीच. आई कधीच गेली, आणि मी एका रिकाम्या घराला रोज जेवायला वाढतेय. हे लिहितानाही भीती वाटते. पण दुसरं सांगायचं कुणाला?

घरी फडताळात एक लाल डबा उरलाय. उद्या पहाटे उठून त्याचं करायचं. करायचं कशासाठी, ते विचारू नये.

१६ मार्च, रविवार

पहाटे उठवलंच नाही. लाल डबा फडताळातच राहिला. कॅन्टीनचाच सॉस डब्यात भरून नेला. म्हटलं, उद्यापासून नळीच आहे. आणि तिला काय कळतंय!

पहिला चमचा गेला. दुसऱ्याला आई थांबली. जिभेनं घास बाहेर ढकलला, पार हनुवटीवर. मग माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे! आणि म्हणाली, "खळ."

वॉर्डातली मावशीच चमचेवालीला फोन लावायला धावली. मी डबा मांडीवर घेऊन हसतेय की रडतेय ते माझं मलाच कळेना. मला ऐकू आलं नसेल असं आईला वाटलं असावं. ती पुन्हा म्हणाली, "खळ!" जरा मोठ्यानं. भर पंगतीत म्हणायची तसं.